बेल्लोत्तोचे वॉर्सा: लूट आणि पुनर्बांधणी

युद्धात लुटल्या गेलेल्या कलाकृतींचा इतिहास बहुधा मालकी आणि भरपाई यांच्या अंगाने मांडला जातो. पोलंडची राजधानी वॉर्सा हिची बेर्नार्दो बेल्लोत्तोने रंगवलेली नगरदृश्ये मात्र त्या चौकटीत मावत नाहीत, कारण दुसऱ्या महायुद्धात ते शहरच जमीनदोस्त झाले आणि ते पुन्हा उभारताना याच चित्रांचा आधार घ्यावा लागला.

१८व्या शतकात व्हेनिसमध्ये ‘वेदूता’ हा चित्रप्रकार, म्हणजे शहरातील इमारती, चौक आणि कालवे यांचे मोजून-मापून केलेले तपशीलवार चित्रण, भरभराटीला आला होता. कानालेत्तो हा त्यातील सर्वांत नामांकित चित्रकार, आणि बेल्लोत्तो हा त्याचा भाचा व शिष्य. ड्रेस्डेन आणि व्हिएन्ना येथील दरबारांत काम केल्यानंतर १७६७मध्ये तो वॉर्सात आला, राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की याने त्याला दरबारी चित्रकार नेमले आणि १७८०मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. या काळातील त्याची वॉर्साची २२ दृश्ये राजप्रासादात लावली गेली. मामाचेच नाव त्यालाही चिकटलेले असल्यामुळे त्या दालनाला आजही ‘कानालेत्तो दालन’ म्हणतात.

रेखाटनासाठी बेल्लोत्तो ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ वापरत असे. या अंधाऱ्या पेटीच्या भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा आतील कागदावर पडते आणि तिच्या कडा पेन्सिलीने गिरवता येतात. त्यामुळे इमारतींची प्रमाणे बरीच नेमकी साधत. मियोदोवा रस्त्याच्या १७७७मधील चित्रात घोडागाड्यांची वर्दळ जितक्या आस्थेने रंगवली आहे, तितक्याच आस्थेने हवेल्यांच्या खिडक्या, गिलाव्यावरील नक्षी आणि छताच्या कठड्यावरचे पुतळेही टिपले आहेत.

या चित्रांच्या वाट्याला परागंदा होणे एकदाच आले नाही. १८३०-३१चा पोलिश उठाव मोडून काढल्यावर झार पहिला निकोलस याने ती रशियात नेली आणि १९२१मध्ये पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात झालेल्या रिगा तहानंतर ती परतली. १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्याने राजप्रासाद पेटला, तेव्हा संग्रहाचे रक्षक काझिमिएझ ब्रोक्ल तेथे मारले गेले, तर राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळत्या वास्तूतून कलावस्तू बाहेर काढून आपल्या संग्रहालयात हलवल्या. आगीतून वाचलेली बेल्लोत्तोची चित्रे पुढे जर्मन सत्ताधाऱ्यांनी जप्त करून वॉर्साबाहेर नेली. १९४४मध्ये वॉर्सात जर्मन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्याच सत्तेने राजप्रासाद सुरुंग लावून उडवला आणि उठाव चिरडल्यावर गल्लीमागून गल्ली जाळली. ज्यांनी चित्रे मौल्यवान म्हणून नेली, त्यांनीच चित्रातले शहर ठरवून पुसून टाकले.

युद्धानंतर चित्रे परत आली आणि पुनर्बांधणीच्या कामात तज्ज्ञांनी ती हाताशी धरली. जुन्या शहरासाठी मुख्य भिस्त वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी केलेल्या मोजमापांच्या आराखड्यांवर होती, पण जेथे १८व्या शतकातील दर्शनी रूप परत आणायचे होते तेथे बेल्लोत्तोची साक्ष मोलाची ठरली. ब्रानित्स्की प्रासादाच्या माथ्यावरील पुतळे त्याच्या चित्रावरून पुन्हा घडवले गेले. तथापि बेल्लोत्तो हा केवळ नोंदणीकार नव्हता. रचनेच्या सोयीसाठी तो प्रमाणे बदलत असे आणि काही इमारती होत्या त्याहून देखण्या करत असे. म्हणून आजच्या वॉर्सात कोठे कोठे प्रत्यक्षातील नव्हे, तर चित्रकाराच्या नजरेतले शहर दगड-विटांत उभे आहे.

यामुळे पुनर्बांधणीला खोटेपणा येत नाही. १९८०मध्ये युनेस्कोने वॉर्साच्या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत स्थान दिले, ते त्याच्या प्राचीनतेसाठी नव्हे, तर एका समाजाने आपला इतिहास निर्धाराने पुन्हा उभा केला म्हणून. १९८४मध्ये ही चित्रे नव्याने बांधलेल्या राजप्रासादात परतली. संग्रहालयातील लुटीचे मोल केवळ बाजारभावात करणे किती अपुरे आहे, हे या घटनाक्रमातून स्पष्ट होते: ही चित्रे परतली नसती, तर वॉर्साने काही कॅनव्हासच नव्हे, तर स्वतःला पुन्हा घडवण्याचे एक साधनही कायमचे गमावले असते.