दंडावरची फीत

कोकणात किंवा साताऱ्याकडे एखाद्या बौद्ध वस्तीत गेले की तेथे 'सुभेदाराचे घर' म्हणून एखादे घर दाखवले जाते. पुष्कळदा घर पडलेले असते, सुभेदाराचे नातू-पणतू मुंबईला गेलेले असतात. पण नाव टिकून राहिलेले असते. मागे वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, सुभेदार म्हणजे जहागीरदार ना? मग आपल्या वस्तीत जहागीरदार कसा आला?" प्रश्न भाबडा होता, पण तो बराच काळ मनातून गेला नाही. आपल्या इतिहासात सुभेदार हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. ती तपासणी या लेखात करावयाची आहे.

प्रथम आजची व्यवस्था पाहू. भूदलातील साध्या शिपायाच्या दंडावर काही नसते. एक फीत मिळाली की तो लान्स नाईक, दोन मिळाल्या की नाईक आणि तीन मिळाल्या की हवालदार. त्यानंतर दंडावरच्या फिती जाऊन खांद्यावर तारे येतात. एक तारा नायब सुभेदाराचा, दोन सुभेदाराचे. आणि सुभेदार-मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाची मुद्रा येते. हवाई दलातील कॉर्पोरलला दोन फिती व सार्जंटला तीन. नौदलात फितीऐवजी नांगराची खूण असते. नावे निराळी, खुणा निराळ्या, पण तत्त्व एकच. समोरच्या माणसाचे नाव, गाव, कुळ माहीत नसले तरी हुकूम कोणी द्यावयाचा आणि कोणी मानावयाचा, हे कापडाच्या तुकड्यावरून कळले पाहिजे. फितीचा हा कोनासारखा आकार आला युरोपातून. त्याला असलेल्या फ्रेंच नावाचा मूळ अर्थ छपराचा वासा असा आहे. ब्रिटिश सैन्यात १८०२ पासून हुद्द्याची खूण म्हणून तो रूढ झाला.

खूण बाहेरची असली तरी नावे मात्र येथलीच आहेत. शिवकालीन पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार आणि दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार अशी रचना होती. सुभेदार हा सुभ्याचा अधिकारी. कंपनी सरकारने हे शब्द उचलले आणि आपल्या पलटणींच्या मापाने बेतले. सुभ्याचा कारभार पाहणारा सुभेदार कंपनीच्या राज्यात शंभर-सव्वाशे शिपायांच्या तुकडीत गोऱ्या कप्तानाच्या हाताखालचा अंमलदार झाला. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर ही ती शिडी. तिच्यातला जमादार १९६५ साली नायब सुभेदार झाला. बाकीची नावे अजून चालू आहेत.

या शिडीवर मुंबई इलाख्यातील महार चढला. कंपनीच्या कागदांत त्याला 'परवारी' म्हटले जाई. त्याच्या दृष्टीने या शिडीचे महत्त्व काय होते, हे समजून घ्यावयाचे तर त्याच्या गावातली दुसरी शिडी आठवली पाहिजे. त्या शिडीलाही पायऱ्या होत्या आणि खुणाही होत्या. हातातली काठी, खांद्यावरची घोंगडी, तोंडात 'जोहार मायबाप', पाटलाच्या वाड्यासमोर पायांत वहाण नाही. या खुणाही दुरून माणूस ओळखता यावा म्हणूनच होत्या. फरक एवढाच की गावच्या शिडीवर जन्मलेल्या पायरीवरच मरावे लागे. पलटणीच्या शिडीवर, निदान नियमाने तरी, नोकरीची वर्षे, कवायत, वर्तणूक आणि पुढे पुढे अक्षरओळख यांच्या बळावर वर जाता येत असे. वर गेलेल्या महाराचा हुकूम खालच्या पायरीवरच्या मराठ्याला आणि परदेशी ब्राह्मणालाही मानावा लागे. माझ्या मते त्या काळी माणसाची पत जन्मावाचून ठरवणारी एवढी उघड आणि लेखी व्यवस्था आपल्या माणसांच्या वाट्याला दुसरीकडे कोठे आली नव्हती.

बंगालच्या सैन्यात असे नव्हते. तेथे अवधकडच्या ब्राह्मण-राजपुतांना प्राधान्य होते आणि त्यांचे सोवळेओवळे सांभाळले जाई. मुंबईच्या सैन्यात सर्व जाती एका रांगेत उभ्या राहतात, ही गोष्ट जनरल जॉन जेकबसारखे इंग्रज अधिकारी अभिमानाने लिहीत. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. काही अभ्यासक या 'नाक'चा संबंध 'नायक' शब्दाशी लावतात, तर काही 'नाग' शब्दाशी. त्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. ज्यांचे नाव गावच्या दप्तरात वतनाच्या राबणुकीपुरते येई, त्यांचे नाव दगडावर कोरले गेले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ते शिपाई पगारासाठी लढले हे खरे. परंतु त्या काळी कोणत्या पक्षाचा शिपाई पगारासाठी लढत नव्हता?

अर्थात या शिडीचे गुणगान करून थांबणे हा भाबडेपणा ठरेल. तिच्या माथ्यावर एक छप्पर होते आणि ते वर्णाचे, म्हणजे कातडीच्या रंगाचे होते. तीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार-मेजर कालच विलायतेहून आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालचाच असे. हिंदी माणसाला राजाचे कमिशन प्रथम मिळाले ते १९१७ साली, आणि डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ मध्ये. आपले सुभेदार त्याआधीच निवृत्त होऊन, बहुतेक तर मरूनही गेले होते.

दुसरी मर्यादा गावच्या वेशीवर होती. फितीचा अंमल छावणीच्या फाटकाबाहेर चालत नसे. बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेला १९०१ चा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. त्यांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची या अटीवर. वाटेत त्यांना पाणी मिळाले नाही. बाप पलटणीतला सुभेदार आहे, या गोष्टीची किंमत त्या रस्त्यावर एक घोट पाण्याइतकीही नव्हती. फीत कपड्यावर होती. गावाच्या लेखी जात कपड्याच्या आत होती.

आणि मग ती फीतही काढून घेण्यात आली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नव्हेत, हा सिद्धान्त त्यांच्या काळात प्रबळ झाला. १८९२-९३ च्या सुमारास जातवार पलटणी आणि जातवार तुकड्या बांधण्याचे धोरण आले आणि महारांची भरती बंद झाली. या धोरणाचा तर्क नीट पाहिला पाहिजे. मिश्र तुकडीत महार सुभेदार मराठा शिपायाला हुकूम देऊ शकत होता. जातवार तुकडीत तो देऊ शकतो फक्त आपल्याच माणसांना. आणि त्याच्या जातीची तुकडीच नसेल तर कोणालाच नाही. म्हणजे कर्तृत्वाची शिडी जातीच्या शिडीला आडवी जात होती, तेथे सरकारने कर्तृत्वाची शिडी कापली. गावाने जे शेकडो वर्षे केले, तेच साहेबाने एका हुकमाने आणि शास्त्राचे नाव देऊन केले.

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज पेन्शनरांमधूनच उठला. १८८६ साली पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, असे प्रतिपादन आहे. आज हे वाचताना तरुण कार्यकर्त्यांना खटकते, आणि ते खटकलेच पाहिजे. पण दोष वलंगकरांना देण्याआधी त्यांच्यापुढचा पेच पाहा. ज्या सैन्यात महाराने काम दाखवून फिती मिळवल्या, त्याच सैन्याने आता कुळ दाखवा म्हणून सांगितले होते. सेवेचा पुरावा निकामी ठरला, तेव्हा त्यांना जन्माचा पुरावा शोधावा लागला. फीत मागणाऱ्याला फीत देणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागते, हा या अर्जाचा कटू धडा आहे. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. मागणी कोणती? सैन्यात आणि पोलिसांत अगदी खालच्या जागांवर तरी प्रवेश द्या!

सरकारला गरज पडली की दार उघडे आणि गरज सरली की बंद. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा स्तंभावर दोन मशीनगनी आल्या. पुढे स्तंभ जाऊन त्या जागी कट्यार आली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात अनेक प्रांतांचे व जातींचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. एका जातीसाठी निघालेली पलटण सर्वांची झाली, याचा विषाद वाटण्याचे कारण नाही. १८९२ पूर्वी मुंबईच्या सैन्यात असलेली मिश्र रांग आपल्या नावाच्या पलटणीत परत आली, असे मी मानतो.

मग या सगळ्यातून आपल्या हाती काय उरले? हुकमाने मिळालेली फीत हुकमाने गेली. पण फितीबरोबर आलेल्या दोन गोष्टी कोणत्याही हुकमाला परत घेता आल्या नाहीत. एक, अक्षर. पलटणीच्या शाळांत शिपाई शिकले, त्यांची मुले शिकली. रामजी सकपाळ तर लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. आणि दुसरी, पेन्शन. पेन्शन म्हणजे गावच्या बलुत्यावर अवलंबून नसलेला रोख पैसा. दरमहा हातात पैसा असलेल्या माणसाला पाटलाच्या दारात भाकरी मागावी लागत नाही. म्हणून तो मुलाला शाळेत पाठवू शकतो, अर्ज लिहू शकतो, सभा भरवू शकतो. दापोलीसारख्या ठिकाणी पेन्शनरांची वस्ती होती आणि आपल्या चळवळीची पहिली माणसे अशाच वस्त्यांतून निघाली, हा योगायोग नव्हे. १९२७ साली महाडला जमलेल्या लोकांत निवृत्त सैनिक होते. फीत छावणीत राहिली; ताठ मान, वाचता येणारे डोळे आणि पेन्शनचे रुपये गावात आले.

या दृष्टीने आजच्या एका घडामोडीकडे पाहिले पाहिजे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही सेवांत अग्निवीर हा नवा दर्जा निर्माण झाला. त्याची खूणही निराळी ठरवण्यात आली. मुदत चार वर्षांची. त्यानंतर कमाल २५ टक्के जणांना कायम करण्याची तरतूद. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, पेन्शन नाही. आपल्या वस्त्यांतली मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना मी पाहतो. त्यांच्या आईबापांना मी इतिहासाचा शिक्षक म्हणून एवढेच सांगू शकतो की मुलाच्या दंडावर कोणती खूण लागते हे पाहा, पण त्या खुणेमागे काय आहे तेही विचारा. ज्या फितीमागे पेन्शन होती तिने आपल्या दोन पिढ्या शाळेत घातल्या. नुसत्या फितीने हे झाले नसते.

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा घाईत उत्तर दिले होते, "जहागीरदार नव्हे रे, सैन्यातला हुद्दा." आज विचारले तर अधिक नीट सांगेन. सुभेदार म्हणजे असा माणूस, ज्याला छावणीत हुकूम देता येत होता आणि वाटेत पाणी मागता येत नव्हते. यातली पहिली गोष्ट त्याने कष्टाने मिळवली. दुसरी मिळवण्यासाठी त्याच्या मुलाला महाडच्या तळ्यावर जावे लागले.