भागाकाराची चूक आणि विश्वासाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्या कंपनीवरचा विश्वास एकदा उडाला, की तो परत मिळतो का? हा प्रश्न कापडाच्या व्यापाऱ्यालाही पडतो. पण कापडाचा पोत आपण बोटांनी तपासू शकतो. संगणकाच्या पोटात काय चालले आहे, हे तपासण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नसते. तिथे विश्वासावाचून गत्यंतरच नसते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकेतील इंटेल कंपनीची १९९४ सालची हकीकत फार बोलकी वाटते.

इंटेलचा पेंटियम हा प्रोसेसर १९९३ च्या मार्च महिन्यात बाजारात आला. त्याच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. इंटेल आपला माल संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विकत असे. मात्र १९९१ पासून तिने ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात मोहीम सुरू केली होती आणि हे नाव थेट घरोघरच्या संगणकावर चिकटले होते.

व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ३ आणि ५, ११ आणि १३ अशा जोडमूळ संख्यांवर ते संगणकाच्या मदतीने काम करत होते. १९९४ च्या जून महिन्यात त्यांना आपल्या उत्तरांत मेळ बसत नसल्याचे दिसले. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग संगणकाचे इतर भाग तपासले. सगळ्या शंका फिटल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की चूक पेंटियमचीच आहे.

ही चूक होती तरी काय? आपण कागदावर मोठा भागाकार करतो, तेव्हा पाढा आठवून पुढचा अंक ठरवतो. पेंटियमही तसेच करत असे. त्याचा पाढा म्हणजे चिपमध्ये कोरलेला एक तक्ता. इंटेलने दिलेल्या खुलाशाप्रमाणे, त्यातील १०६६ नोंदींपैकी ५ नोंदी गळाल्या होत्या. त्यामुळे काही मोजक्याच भागाकारांत उत्तर चुके. त्या वेळी एक उदाहरण फार गाजले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले, की उत्तर १.३३३८२ यायला हवे. पेंटियम सांगत असे १.३३३७४.

फरक तसा नगण्य. इंटेलला ही चूक नाइसली यांच्या पत्राआधीच समजली होती. तिचे म्हणणे असे, की सर्वसाधारण वापर करणाऱ्याला असा चुकीचा भागाकार २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. हा हिशेब पुढे करून कंपनीने जाहीर केले, की ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच चिप बदलून मिळेल. ती गरज आहे की नाही, हे कंपनी ठरवणार!

माझ्या मते लोकांचे मन दुखावले ते इथे. चूक कोणाच्याही हातून होते, हे लोक जाणतात. पण पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल ‘तुमचे काम काय, ते आधी पटवून द्या’ असे विक्रेताच विचारू लागला, तर कोणाला रुचेल? वर्तमानपत्रांत टीका झाली, इंटेलवर विनोद रचले गेले. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले. तिच्या गणिताने ही चूक २४ दिवसांतून एकदा भेटू शकत होती. आयबीएमही स्वतःचा प्रतिस्पर्धी प्रोसेसर पुढे आणत होती, हे खरे. पण दोन मोठ्या कंपन्यांची गणिते इतकी वेगळी निघाल्यावर सामान्य माणसाने कोणाचे खरे मानावे?

शेवटी २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि जो मागेल त्याला, काही न विचारता, चिप बदलून देण्याचे जाहीर केले. कंपनीतील अभियंतेही स्वेच्छेने ग्राहकांचे फोन घ्यायला बसले. जानेवारी १९९५ मध्ये इंटेलने या प्रकरणापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला.

आता गंमत पाहा. फुकट मिळत असूनही चिप बदलून मागणारे घरगुती ग्राहक थोडेच निघाले. इंटेलची विक्री १९९४ मध्ये सुमारे साडेअकरा अब्ज डॉलर होती, ती १९९५ मध्ये सोळा अब्जांवर गेली. म्हणजे लोकांना नवी चिप हवीच होती असे नाही. आपल्या वस्तूबद्दलचा निर्णय आपल्या हाती असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. ते मान्य झाले आणि राग ओसरला.

कंपनीचे प्रमुख अँड्र्यू ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात या प्रकरणाबद्दल मोकळेपणाने लिहिले. ‘इंटेल इनसाइड’मुळे आपण ग्राहकांच्या दारात जाऊन उभे राहिलो होतो आणि ते आपल्याच ध्यानात आले नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. चिपमधील ज्ञात दोषांची यादी जाहीर करण्याची पद्धतही पुढे इंटेलने पाळली.

असा परत मिळालेला विश्वास कायमचा नसतो. २०२४ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरवर चालणारे संगणक अचानक बंद पडतात, अशा तक्रारींनी जोर धरला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तीस वर्षांपूर्वी मिळवलेली पुण्याई तेव्हा कामी आली नाही. तक्रार करणाऱ्याला उत्तर पुन्हा नव्याने द्यावे लागले.

तेव्हा विश्वास परत मिळतो का, याला माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण त्यासाठी कंपनीला स्वतःच्या सोयीचा हिशेब बाजूला ठेवून ग्राहकाचा हिशेब मान्य करावा लागतो. इंटेलला ते समजायला दोन महिने लागले. ते ऑक्टोबरातच समजले असते, तर बहुधा एवढी मोठी किंमत मोजावी लागली नसती.