सैनिकांसाठी व्यावसायिक वाहनचालक परवाना सवलत (अमेरिका)

सैनिकांसाठी व्यावसायिक वाहनचालक परवाना सवलत ही अमेरिकेच्या संघीय वाहतूक नियमांतील एक तरतूद आहे. सैन्यात अवजड वाहने चालविण्याचा अनुभव असलेल्या सैनिकांना आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या माजी सैनिकांना या तरतुदीमुळे नागरी व्यावसायिक परवाना मिळविताना प्रत्यक्ष वाहन चालविण्याच्या चाचणीतून सूट मिळू शकते. काही ठरावीक लष्करी पदांवरील व्यक्तींना लेखी चाचणीही माफ होऊ शकते. हा परवाना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सीडीएल' या नावाने ओळखला जातो. नियम संघीय असले तरी परवाना घटक राज्ये देतात आणि सूट द्यावी की नाही, हेही राज्येच ठरवितात. ही सवलत कायमस्वरूपी नाही. वाहन चालविण्याचे लष्करी पद सोडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज न केल्यास ती मिळत नाही.

पार्श्वभूमी

१९८६ पूर्वी अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकांसाठी देशभर समान असे निकष नव्हते. अनेक राज्यांत मोटारगाडीचा साधा परवाना असलेली व्यक्ती कायदेशीररीत्या ट्रॅक्टर-ट्रेलर चालवू शकत असे. काही चालक एकाहून अधिक राज्यांचे परवाने बाळगत आणि वाहतूक नियमभंगाच्या नोंदी वेगवेगळ्या परवान्यांवर विभागून कारवाई टाळत. हे प्रकार थांबविण्यासाठी १९८६ मध्ये 'व्यावसायिक मोटार वाहन सुरक्षा कायदा' संमत झाला. त्यावर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २७ ऑक्टोबर १९८६ रोजी स्वाक्षरी केली. या कायद्याने एका चालकाकडे एकच परवाना असावा हे तत्त्व रूढ केले आणि चाचण्यांचे किमान निकष ठरविले. १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनांसाठी हा विशेष परवाना बंधनकारक झाला. २००० पासून या नियमांची जबाबदारी संघीय मोटार वाहक सुरक्षा प्रशासनाकडे आहे.

परवान्याचे तीन वर्ग आहेत.

• वर्ग 'ए' : वाहन व जोडलेला ट्रेलर यांचे एकत्रित निर्धारित वजन २६,००१ पौंड (सुमारे ११,७९४ किलोग्रॅम) किंवा अधिक आणि त्यांपैकी ट्रेलरचे वजन १०,००० पौंडांहून (सुमारे ४,५३६ किलोग्रॅम) अधिक असलेली वाहने.
• वर्ग 'बी' : २६,००१ पौंड किंवा अधिक वजनाचे एकसंध वाहन.
• वर्ग 'सी' : वरील वर्गांत न मोडणारी, परंतु चालकासह १६ किंवा अधिक व्यक्तींची वाहतूक करणारी अथवा धोक्याच्या मालाचे फलक लावणे आवश्यक असलेली वाहने.

लष्करी चालकांची स्थिती

संघीय नियमांनुसार लष्करी कामासाठी अवजड वाहन चालविणाऱ्या सैनिकांना नागरी परवान्याच्या अटीतून वगळलेले आहे. ही सूट भूदल, नौदल, हवाई दल, मरीन कोअर व तटरक्षक दलातील सेवारत सैनिकांना, तसेच राखीव दले व नॅशनल गार्डच्या सदस्यांना लागू होते. सैन्य आपल्या चालकांना स्वतः प्रशिक्षण देते आणि स्वतःचा चालक परवानाही देते. भूदलाच्या मोटार परिवहन चालकांचे मूलभूत प्रशिक्षण मिसूरी राज्यातील फोर्ट लेनर्ड वूड येथे होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सेवा संपल्यावर पुढे येते. सूट व्यक्तीला नसून लष्करी कामाला असल्यामुळे गणवेश उतरताच ती संपते. युद्धक्षेत्रात अनेक वर्षे इंधनाचे टँकर किंवा रसदीचे ट्रक चालविलेला सैनिक मायदेशी परतल्यावर नागरी कायद्याच्या दृष्टीने नवशिका ठरत असे. त्याला शिकाऊ परवाना, लेखी चाचणी आणि प्रत्यक्ष चाचणी हे सर्व टप्पे पहिल्यापासून पार करावे लागत. प्रत्यक्ष चाचणीसाठी संबंधित वर्गाचे वाहन अर्जदारालाच आणावे लागत असल्याने, ज्याच्याकडे ट्रक नाही त्याला शुल्क भरून प्रशिक्षण संस्थेत जाण्यावाचून फारसा पर्याय उरत नसे.

नियमांचा विकास

• २०११ : ९ मे २०११ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांनी राज्यांना अनुभवी लष्करी चालकांची प्रत्यक्ष चाचणी माफ करण्याचा अधिकार दिला. त्या वेळी लष्करी पद सोडल्यापासून ९० दिवसांत अर्ज करणे आवश्यक होते.
• २०१२ : १९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'लष्करी व्यावसायिक वाहनचालक परवाना कायदा' अमलात आला. तोपर्यंत परवाना केवळ कायम रहिवासाच्या राज्यातच मिळत असे. सैनिकाची नेमणूक बहुधा दुसऱ्याच राज्यात असल्याने ही मोठी अडचण होती. या कायद्याने नेमणुकीच्या राज्यातून परवाना मिळविण्याची वाट मोकळी केली.
• २०१४ : ९० दिवसांची मुदत तात्पुरत्या सवलतीद्वारे एक वर्ष करण्यात आली.
• २०१६ : १३ ऑक्टोबर २०१६ च्या नियमाने एक वर्षाची मुदत कायम केली. नेमणुकीच्या राज्याने अर्ज स्वीकारून चाचण्या घ्याव्यात, निकाल मूळ राज्याकडे पाठवावा आणि परवाना मूळ राज्याने द्यावा, अशी कार्यपद्धतीही ठरली.
• २०१८ : २०१५ च्या 'फास्ट' कायद्यातील निर्देशांनुसार २८ सप्टेंबर २०१८ रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला. त्याने ठरावीक लष्करी पदांसाठी लेखी चाचणीही माफ करण्याची मुभा राज्यांना दिली. दोन्ही चाचण्या माफ झाल्यास लष्करी परवान्याच्या बदल्यात थेट नागरी परवाना मिळतो. या पद्धतीला 'समान अदलाबदल' असे म्हटले जाते.

पात्रतेच्या अटी

प्रत्यक्ष चाचणी माफ होण्यासाठी अर्जदाराला अनुभव आणि वर्तन अशा दोन्ही प्रकारच्या अटी पूर्ण कराव्या लागतात.

अनुभवाच्या अटींनुसार अर्जदार अवजड वाहन चालविणे आवश्यक असलेल्या लष्करी पदावर सध्या कार्यरत असावा किंवा गेल्या एका वर्षात त्या पदावर असावा. शिवाय सेवामुक्तीच्या लगतपूर्वीची किमान दोन वर्षे, ज्या वर्गाचा परवाना हवा आहे त्या वर्गाशी जुळणारे वाहन त्याने चालविलेले असावे. या अटींमुळे सेवेचा एकूण कालावधी निर्णायक ठरत नाही, तर सेवेची अखेरची वर्षे निर्णायक ठरतात. दहा वर्षे ट्रक चालवून अखेरची दोन वर्षे भांडारात किंवा कार्यालयात काम केलेला सैनिक या सवलतीस पात्र ठरत नाही.

वर्तनाच्या अटी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांना लागू होतात. या काळात अर्जदाराकडे लष्करी परवान्याव्यतिरिक्त एकापेक्षा अधिक परवाने नसावेत. त्याचा परवाना निलंबित, रद्द किंवा जप्त झालेला नसावा. मद्यपान करून वाहन चालविण्यासारख्या अपात्र ठरविणाऱ्या गुन्ह्यात तो दोषी ठरलेला नसावा. गंभीर नियमभंगाबद्दल एकापेक्षा अधिक वेळा शिक्षा झालेली नसावी आणि त्याच्या चुकीमुळे झालेल्या अपघाताची नोंद नसावी. वेगमर्यादा ताशी १५ मैल (सुमारे २४ किलोमीटर) किंवा अधिकने ओलांडणे हा गंभीर नियमभंग मानला जातो.

लेखी चाचणीची माफी केवळ नियमात नमूद केलेल्या पदांना मिळते. त्यांत भूदलातील मोटार परिवहन चालक (८८एम), पेट्रियट क्षेपणास्त्र प्रक्षेपण केंद्र चालक (१४टी) व इंधन पुरवठा तज्ज्ञ (९२एफ), मरीन कोअरमधील मोटार वाहन चालक (३५३१), नौदलातील यंत्रसामग्री चालक (ईओ) आणि हवाई दलातील वाहन चालक, इंधन भरणारे व बांधकाम यंत्रसामग्री चालक यांचा समावेश होतो. इतर पदांवरील सैनिकांना लेखी चाचणी द्यावीच लागते. सामान्य ज्ञानाच्या या चाचणीत किमान ३० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात.

अर्जाची प्रक्रिया

अर्जदार आपल्या राज्याच्या परवाना कार्यालयात सवलतीचा अर्ज सादर करतो. त्यासोबत लष्करी चालक परवाना, सेवेच्या नोंदी आणि निवृत्त झालेला असल्यास सेवामुक्तीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. चालविलेल्या वाहनांचा प्रकार व कालावधी यांबाबत कमांडिंग अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागितले जाते. सेवेतून बाहेर पडल्यानंतर हे प्रमाणपत्र मिळविणे अवघड जात असल्याने अर्जाची तयारी सेवेत असतानाच करणे सोयीचे ठरते.

चाचणी माफ झाली तरी नागरी चालकांना लागू असलेल्या इतर अटी कायम राहतात. आंतरराज्य वाहतुकीसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते आणि तिचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी वैध असते. धोक्याच्या मालाच्या वाहतुकीस लागणाऱ्या अतिरिक्त मान्यतेसाठी वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडून अर्जदाराची सुरक्षाविषयक छाननी होते. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना मान्यताप्राप्त संस्थेत प्राथमिक प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. लष्करी अनुभवाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना मात्र या प्रशिक्षणातून वगळण्यात आले आहे. त्यामुळे सवलतीची मुदत चुकल्यास होणारे नुकसान २०२२ नंतर वाढले आहे. मुदत चुकलेल्या माजी सैनिकाला चाचण्यांबरोबरच संपूर्ण प्रशिक्षणही घ्यावे लागते.

अशा माजी सैनिकांना प्रशिक्षणाचा खर्च '९/११ नंतरच्या जी.आय. बिल' योजनेतून मिळू शकतो. याच योजनेतून परवान्याच्या चाचणी शुल्कापोटी २,००० डॉलरपर्यंतची रक्कमही परत मिळते. 'स्किलब्रिज' कार्यक्रमांतर्गत सैनिक सेवेच्या अखेरच्या १८० दिवसांत वेतन सुरू असताना नागरी उद्योगात प्रशिक्षण घेऊ शकतात.

मर्यादा

लष्करी वाहने आणि नागरी ट्रक यांची रचना अनेकदा वेगळी असते. अनेक लष्करी ट्रकमध्ये स्वयंचलित गिअर असतात. केवळ स्वयंचलित गिअरच्या वाहनाचा अनुभव असलेल्या चालकाच्या परवान्यावर 'ई' हा निर्बंध नोंदविला जातो आणि त्याला हाताने गिअर बदलावे लागणारा व्यावसायिक ट्रक चालविता येत नाही. नागरी ट्रॅक्टर-ट्रेलरमध्ये ट्रेलर 'फिफ्थ व्हील' या जोडणीवर टेकलेला असतो, तर काही लष्करी ट्रेलर आकड्याने जोडलेले असतात. अशा वाहनांचाच अनुभव असल्यास 'ओ' हा निर्बंध लागू होतो. हे निर्बंध काढण्यासाठी योग्य वाहनावर चाचणी द्यावी लागते.

कामाच्या स्वरूपातही फरक असतो. लष्करी चालक बहुधा ताफ्यात आणि आदेशानुसार वाहन चालवितो. नागरी चालक मार्ग, वेळ आणि मालाची जबाबदारी एकटा सांभाळतो. मालवाहतूक करणाऱ्या चालकाला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास वाहन चालविता येते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. ही कौशल्ये सवलतीमुळे आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे अनेक वाहतूक कंपन्या परवाना मिळालेल्या माजी सैनिकांनाही प्रथम अनुभवी चालकासोबत पाठवितात.

भारतातील तरतूद

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८ नुसार संरक्षणविषयक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांकरिता स्वतंत्र परवाना दिला जातो. किमान १८ वर्षे वयाच्या व्यक्तीस तो मिळू शकतो व तो देशभर वैध असतो. मात्र त्याच कलमानुसार या परवान्यावर इतर कोणतेही वाहन चालविता येत नाही. त्यामुळे नागरी ट्रक चालविण्यासाठी माजी सैनिकाकडे परिवहन वाहनाचा परवाना असणे आवश्यक असते. महाराष्ट्रात तो प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. लष्करी परवाना सेवेबाहेर उपयोगी न पडणे ही बाब दोन्ही देशांत समान आहे.

हे सुद्धा पहा

• वाहन चालविण्याचा परवाना
• मोटार वाहन कायदा, १९८८
• माजी सैनिक