साचा, माप आणि तक्रार



कृष्णा-कोयनेच्या संगमावरील या गावात स्तनांच्या शस्त्रक्रियेविषयी जाहीर बोलायचे म्हटले की काही माना खाली जाणार, हे मी धरूनच चाललो आहे. परंतु कर्करोगाने स्तन गमावलेल्या बाया आपल्याच घरांत आहेत, आणि माना खाली घालून त्यांचे दुःख कमी होत नाही. गमावलेला स्तन पुन्हा घडवण्यासाठी, किंवा असलेल्याचा आकार वाढवण्यासाठी, सिलिकॉनची पिशवी शरीरात बसवतात. तिला इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांनी एक बाजू वर आणि दुसरी खाली दिसू लागली, तर त्या बाईने जावे कोठे? पुष्कळदा तिला ऐकावे लागते की, "हे तुमच्या मनाचे खेळ." हे उत्तर कितपत खरे आहे, याचा निवाडा इतिहासाकडे मागू.

त्यासाठी प्रथम पुण्याला जाऊ. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. इंग्रजी वृत्तान्तात तो विटा करणाऱ्या जातीचा म्हटला आहे. आपण त्याला कुंभार म्हणून ओळखतो. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. पेन्शनर कावसजीचे नाव छापले गेले, घडवणाऱ्याचे नाही. श्रमणाऱ्याच्या बाबतीत इतिहासाची ही जुनीच खोड आहे.

त्या कारागिराची रीत मात्र तपशीलवार नोंदली गेली. त्याने आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून साचा घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधला तिचा देठ राखला, म्हणजे रक्त चालू राहिले. ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. सुमारे पंचवीस दिवसांनी तो देठ कापला. आधी माप आणि मग सुरी, हा त्याचा नियम होता. हीच हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात ही रुग्णाची हौस मानली जात नव्हती. कारागिराच्या कामाची तीच कसोटी होती.

नाकावरून आता स्तनाकडे येऊ. १८९५ साली हायडेलबर्गच्या विन्सेंझ चेर्नी याने एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली. एक बाजू रिकामी दिसू नये म्हणून तिच्याच पाठीवरची चरबीची गाठ त्याने तेथे बसवली. स्तनाची घडण करण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयत्न होय, आणि त्यामागचे कारण होते दोन बाजूंचे असमान होणे! ज्या तक्रारीला आज कोणी मनाचा खेळ म्हणतात, तिच्यातूनच ही विद्या जन्मली.

पुढे व्हिएन्नाच्या गेर्सुनीने पॅराफिन टोचण्याचा मार्ग काढला. त्याचे भोग रुग्णांनी भोगले. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉनची पिशवी प्रथम एका स्त्रीला बसवली. गोंदण काढून घेण्यासाठी आलेली सहा मुलांची आई होती ती. या पिशवीच्या पाठीला डेक्रॉनच्या पट्ट्या लावलेल्या असत. पिशवी छातीला धरून राहावी आणि जागेवरून सरकू नये, हा त्यांचा हेतू. म्हणजे सरकण्याची भीती खुद्द करणाऱ्यांनाच पहिल्या दिवसापासून होती. पुढे या पट्ट्यांनीच स्तन आखडतो व आकार बिघडतो असे दिसू लागले, आणि त्या गेल्या.

अमेरिकेत अशा उपकरणांवर कायद्याचा अंकुश आला तो १९७६ साली. १९९२ मध्ये सिलिकॉनच्या पिशव्यांवर निर्बंध आले, दावे झाले, डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५ साली दिवाळे जाहीर केले. १९९९ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सारा पुरावा तपासला. पिशवीमुळे सर्वांगाचे रोग होतात हे सिद्ध झाले नाही. परंतु आखडणे, फुटणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हा स्थानिक त्रासच मुख्य ठरला. कोर्टकचेरीत मोठ्या रोगांची चर्चा गाजली, आणि बायांची साधी तक्रार खरी निघाली. २०१० साली फ्रान्समध्ये तर पी.आय.पी. कंपनी औद्योगिक प्रतीचे सिलिकॉन भरताना पकडली गेली. नफ्याचे माप आले की शरीराचे माप सुटते.

आता व्यवहाराचे बोलू. कोणाच्याही दोन बाजू जन्मतः तंतोतंत सारख्या नसतात. शस्त्रक्रियेनंतर सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही. पिशवी स्थिरावायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तेव्हा लगेच घाबरू नये. पण पिशवीभोवतीचे आवरण आखडले तर ती वर ओढली जाते. तिच्यासाठी केलेली पोकळी मोठी झाली तर ती खाली किंवा बाजूला सरकते. महिने लोटूनही फरक राहिला, वाढला किंवा स्तन घट्ट झाला, तर ते तपासून घेतलेच पाहिजे. एकाएकी सूज, लाली, ताप, वेदना आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पिशवीची कंपनी, आकारमान व क्रमांक यांची नोंद मागून घ्यावी आणि जपावी. वैद्यकीय सेवेचा ग्राहक कायद्यात समावेश होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला; जेथे सर्वांवर फुकट उपचार होतात ती रुग्णालये तेवढी वगळली. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घेतली पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २००८ साली सांगितले. वैद्यकीय उपकरणांचे आपले स्वतंत्र नियम २०१८ पासून अमलात आले.

आम्ही संघटनेची माणसे एक गोष्ट जन्मभर शिकलो: तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, लेखी तक्रार कागदावर राहते. यंत्रात बोट गेलेल्या कामगारालाही "तुझाच निष्काळजीपणा" असे म्हटले जाई. त्याची बाजू नोंदली गेली तेव्हा भरपाईचे कायदे झाले. चांगला डॉक्टर तक्रारीला भीत नाही. तो पुन्हा माप घेतो. पुण्याच्या त्या अनाम कुंभाराला हे ठाऊक होते. आपल्या बहिणींनी मान वर करून विचारावे, आणि आपण ऐकावे, एवढेच माझे मागणे आहे.