‘भारत’ जेव्हा ‘एच-के-के-जे-आर’ ऐकू येत असे

संकेतस्थळे आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. विषय ई-केवायसीचा होता. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही सूचना ज्यांना पाळताच येत नाही, त्यांनी बँकेत खाते कसे उघडावे? या प्रश्नामागे एक जुना तांत्रिक इतिहास आहे आणि तो भारतीय भाषांच्या वाचकांना विशेष जवळचा आहे.

१९५१ साली भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही सामाईक लिपी स्वीकारण्यात आली. लिप्या वेगळ्या, पण वर्णमाला बहुतांशी एक, हे तिचे मर्म. मराठीतला ‘क’ असो, बंगालीतला वा तमिळमधला, बोटाला जाणवणारी टिंबे तीच: पहिले आणि तिसरे. चार दशकांनी, १९९१ मध्ये, भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संगणकीय संकेतप्रणाली प्रमाणित केली. तिचेही तत्त्व हेच: सर्व लिप्यांतील ‘क’ला एकच संकेतांक. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पाया इतका पक्का असताना पुढे घोळ झाला, याचे खरोखर नवल वाटते.

घोळ फाँटांचा. त्या काळच्या सर्वसाधारण संगणकांना जोडाक्षरे जुळवता येत नसत. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटले. हिंदी प्रदेशांत रूढ झालेल्या कृतिदेव फाँटमध्ये ‘भारत’ लिहिले, की पडद्यावर ‘भारत’च दिसे, मात्र संगणकाच्या स्मृतीत एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरे साठत. डोळस वाचकाला याचा पत्ताही नसे. स्क्रीन रीडर हा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम अक्षराचा आकार पाहत नाही, त्याचा संकेतांक वाचतो. त्यामुळे दृष्टिहीन वाचकाच्या कानी ती पाच रोमन अक्षरेच पडत. भारतीय भाषांतील कित्येक वृत्तपत्रांची संकेतस्थळेही असेच स्वतंत्र फाँट वापरत असत. बातमी पडद्यावर होती, भाषा वाचकाचीच होती, तरी तिच्यातला एक शब्दही त्याला मिळत नव्हता.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड नेहमीच्या संगणकांवर नीट उमटू लागला. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तोवरचे प्रमुख स्क्रीन रीडर सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच्यासोबतच्या ई-स्पीक या वाणीप्रणालीत आज हिंदी, तमिळ, मराठी अशा भाषा आहेत. उच्चार यांत्रिक आहेत खरे, पण कामाचे आहेत. २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले.

मात्र जुनी युक्ती नव्या रूपात उरलीच आहे. सूचना युनिकोडमध्ये टंकलिखित होते, मग ती छापतात, सही-शिक्का उमटवतात आणि स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. त्या पानाच्या छायाचित्रात आता एकही संकेतांक नसतो. स्क्रीन रीडर तेथे पोहोचतो आणि ‘रिकामे पान’ म्हणून पुढे सरकतो; अर्जाची अंतिम तारीख मात्र त्याच पानावर असते.