सगळं पुसू का?

गेल्या शनिवारी भाचा घरी आला आणि माझ्या कपाटातला जुना थ्रीडीएस घेऊनच बसला. "मामा, मला देशील?" म्हटलं, घेऊन जा. फक्त द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट मारायला हवं. दहा मिनिटांचं काम! सेटिंग्जमध्ये गेलो, 'फॉरमॅट सिस्टिम मेमरी'पर्यंत पोचलो, आणि थांबलो. का, ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

हातात मावणाऱ्या गेम्सची निन्टेंडोची पहिली मोठी मालिका म्हणजे १९८० साली आलेली 'गेम अँड वॉच'. गुनपेई योकोई या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली. त्यावर खोल बसवलेलं एक बारीक बटण असायचं, 'एसीएल', म्हणजे ऑल क्लिअर. टोकदार काहीतरी घेऊन दाबायचं. सेल बदलले की हे बटण दाबायचं आणि वेळ परत लावायची. झालं फॅक्टरी रीसेट! पुसायला होतं तरी काय? घड्याळाची वेळ, अलार्म आणि स्कोअर. रडावं असं काहीच नाही.

मग १९८९ मध्ये गेम बॉय आला. गंमत म्हणजे या मशीनला रीसेटची गरजच नव्हती, कारण त्याला स्वतःचं असं काही आठवतच नसे. त्यावरचा टेट्रिस बंद केला की हायस्कोअर गायब. (आमच्याकडे गेम बॉय कुठला, जत्रेत मिळणारा ब्रिक गेम होता. त्यातही सेल काढले की स्कोअर गेला, आणि मग "मी केला होता रे, आईशप्पथ" यावर कोणी विश्वास ठेवत नसे.) जे काही लक्षात ठेवायचं ते कार्ट्रिजने. काही कार्ट्रिजमध्ये एक रॅमची चिप आणि तिला जागं ठेवायला बटनसेल असे. मशीन म्हणजे धर्मशाळा. मुसाफिर आपलं गाठोडं घेऊन येणार आणि जाताना घेऊन जाणार.

१९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन रेड आणि ग्रीन आले, आणि पुसण्याला पहिल्यांदा वजन आलं. कार्ट्रिजमध्ये सेव्ह एकच. धाकट्या भावाला नवा खेळ सेव्ह करायचा तर थोरल्याचे कित्येक तास जाणार. जुना सेव्ह पुसायला टायटल स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबायची. मग मशीन विचारायचं, सगळा डेटा पुसू का? चुकून कोणाचं बोट पडू नये म्हणून एवढी कसरत. आम्ही ऑफिसात प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर डिलीट चालवताना जे पॉपअप टाकतो, त्याचंच हे चुलत भावंड :-)

पण सेल कोणाला विचारत नसे. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तोच सेल खेळातलं घड्याळही चालवायचा, म्हणून लवकर संपायचा. एक दिवस गेम चालू करावा आणि 'न्यू गेम' एवढंच दिसावं. न मागता मिळालेलं फॅक्टरी रीसेट. नवा सेल बसवता येतो, पण सोल्डरिंग करून, आणि आधी कॉपी काढली नसेल तर सेव्ह गेलाच.

खरा बदल झाला २००४ मध्ये. निन्टेंडो डीएस पहिल्यांदा चालू केला की तो विचारायचा: नाव काय, वाढदिवस कधी, आवडता रंग कोणता? आणि ते स्वतःच्या मेमरीत ठेवायचा. धर्मशाळेने वहीत नाव लिहून घ्यायला सुरुवात केली. २००८ च्या डीएसआयमध्ये गेम डाउनलोड होऊन आतच राहू लागले, आणि मेनूत 'फॉरमॅट सिस्टिम मेमरी' आलं. २०११ च्या थ्रीडीएसने आणखी पुढे जाऊन एसडी कार्डावरच्या गेम्सना त्या मशीनची किल्ली लावली. फॉरमॅट केलं की किल्ली बदलते, आणि कार्डावर पडून असलेला डेटा कोणालाच उघडत नाही. दुकानातून आणलेल्या कार्ट्रिजमधला सेव्ह मात्र तसाच राहतो, जुन्या पद्धतीने. २०१७ च्या स्विचमध्ये तेही संपलं. सेव्ह सगळे मशीनमध्ये. म्हणूनच तिथे सेव्ह न पुसता रीसेट करायचा वेगळा पर्याय द्यावा लागला.

थोडक्यात, मशीन आपल्याला जितकं ओळखायला लागलं, तितकं ते बटण दाबणं जड होत गेलं.

आता माझं. थ्रीडीएसमध्ये पावलं मोजायची सोय आहे. झाकण मिटून खिशात टाकायचा. १०० पावलांना १ नाणं, दिवसाला जास्तीत जास्त १०. २०१२ मध्ये ऑनसाइटहून येताना मी तो आणला आणि नाण्यांच्या लोभाने बाबांच्या खिशात टाकला. रोज पहाटे ते पर्वतीला जायचे. "हजारानंतरची पावलं फुकटच का रे?" असं विचारायचे. पुढे त्यांनाच सवय लागली. २०१६ मध्ये गुडघ्याने दगा दिला आणि पर्वती बंद झाली.

ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये ते सगळं आहे. चार वर्षांचे दिवस, तासागणिक. सहा ते सातचा खांब सगळ्यात उंच. पावसाळ्यात मध्येच सपाट. फॉरमॅट केलं की हा लॉगही जातो.

बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बरेच महिने मागे-पुढे करून पाहिले. "हा बघ, या दिवशी तुझ्या ताईचं लग्न. एकदम सपाट!" मग मी विचारलं, पुसू का?

"अरे, चाललो ते चाललोच ना. पूस. त्या पोराला चालू दे आता."

तरी मी रविवारची दुपार घालवून मोबाइलवर महिन्या-महिन्याचे फोटो काढले. मग बटण दाबलं. भाच्याने नाव टाकलं, वाढदिवस टाकला, आणि पहिलाच प्रश्न केला, "मामा, हजार पावलं म्हणजे कुठपर्यंत रे?"

सांगायला आजोबा बसलेच होते.