आगगाडीचें वेळापत्रक : पुस्तकांतून पडद्यावर

आमच्या शेजारीं एक वृद्ध निवृत्त शिक्षक राहतात. गेल्या महिन्यांत थोरल्या बहिणीच्या आजारपणाची बातमी येऊन त्याच रात्रीं एका लहानशा गांवीं निघणें त्यांना भाग पडलें. ज्या संकेतस्थळावर ते आजवर गाड्या पाहत असत, त्याचें रूप दोनच दिवसांपूर्वीं पालटलें होतें. रंग नवे, चित्रें नवीं. मात्र वेळापत्रक नेहमींच्या जागीं नव्हतें. "कोठून" व "कोठें" एवढेंच विचारून तें संकेतस्थळ उत्तर देई कीं, या दोन स्टेशनांमध्यें गाडी नाहीं. वस्तुतः वाट होती. मध्यें एका जंक्शनवर गाडी बदलावी लागत होती इतकेंच. परंतु तें जंक्शन कोणतें हें ज्याला आधींच ठाऊक असेल, त्यालाच तें तेथें विचारतां येत होतें. अखेर त्यांनीं स्टेशन गांठलें, रांगेंत उभें राहून माहिती मिळविली. तोंपर्यंत रात्रीची गाडी निघून गेली होती. बहिणीची भेट झाली, पण तिला बोलतां येत होतें तो दिवस हातचा गेला होता. परत आल्यावर ते मला एवढेंच म्हणाले, "चाळीस वर्षें मीं गांवाला गाड्या सांगितल्या. आतां मलाच विचारीत फिरावें लागतें."

या एका वाक्यांतील खंत कळावयास वेळापत्रक या वस्तूचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

इंग्लंडांत आगगाड्या सुरू झाल्या तेव्हां प्रत्येक कंपनीच्या वेळा निरनिराळ्या कागदांवर छापलेल्या असत. एका कंपनीच्या हद्दींतून दुसरीच्या हद्दींत जाणाऱ्या उतारूनें काय करावें, याचें उत्तर कोणाजवळच एका जागीं नव्हतें. जॉर्ज ब्रॅडशॉ हा मँचेस्टर येथील नकाशे कोरणारा कारागीर. त्यानें १८३९ सालीं या विखुरलेल्या वेळा एकत्र करून एक लहानसें पुस्तक काढलें. पुढें तें दरमहा निघूं लागलें. कांहीं कंपन्या त्याला आपल्या वेळा देण्यास नाखूष होत्या असें सांगतात. कारण उघड आहे : वेळ एकदां छापली म्हणजे ती पाळण्याचें बंधन अंगावर येतें!

पुस्तकाची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. डावीकडे खालपर्यंत स्टेशनांचीं नांवें; माथ्यावर गाड्या; आणि रकान्यांत वेळा. रकान्यावरून बोट खालीं नेलें कीं एका गाडीचा सारा प्रवास कळतो, आणि ओळीवरून आडवें नेलें कीं एका स्टेशनाचा सारा दिवस कळतो. विशेष हें कीं, आपण जें विचारलेलें नाहीं तेंही येथें दिसतें. पुढील जंक्शन, तेथील थांबा, चुकलेल्या गाडीमागून येणारी दुसरी गाडी, हें सर्व पानावर उघडें असतें. बारीक टाईप, तळटीपा आणि चित्रविचित्र खुणा यांमुळें ब्रॅडशॉची थट्टाही पुष्कळ झाली. तरीही १९६१ सालीं तें बंद पडेपर्यंत त्याची ही मूळ घडण टिकली. बापानें शिकलेलें वाचन मुलाच्या उपयोगीं पडलें. कारकुनाच्या मर्जीवर असलेलें ज्ञान उतारूच्या खिशांत आलें, हीच त्या पुस्तकाची खरी कामगिरी.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८७० सालीं जबलपूरमार्गें मुंबई व कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीनें 'इंडियन ब्रॅडशॉ' काढलें. परंतु मुंबईकराला नुसतें पान वाचून भागत नसे. रेल्वे मद्रासची वेळ पाळी, शहर आपली स्थानिक वेळ पाळी, आणि दोहोंत सुमारें अर्ध्या तासाचें अंतर. १८८१ सालीं सरकारनें मद्रासची वेळ शहरावरही लादून पाहिली. लोकांच्या विरोधापुढें तो हुकूम टिकला नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटें पुढें होती. आतांही असंतोष उसळला, गिरणीकामगारांनींही निषेध केला, आणि शहराची जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली. जवळजवळ अर्धशतक मुंबईंत वेळ सांगतांना ती मुंबईची कीं स्टँडर्ड, हें सांगावें लागे. प्रमाणवेळ वाईट होती असें नव्हे. लोकांच्या सवयीला कांहीं किंमत असते, हें ती लावणारांनीं मनावर घेतलें नव्हतें.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. २० डिसेंबर २०१० रोजीं भारतीय रेल्वेनें गाड्यांचे चार आंकडी क्रमांक पांच आंकडी केले. तथापि बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या जुन्या क्रमांकाआधीं केवळ '१' हा आंकडा लागला. मुंबईहून पुण्यास येणारी दख्खनची राणी २१२३ होती, ती १२१२३ झाली. जुना क्रमांक नव्याच्या पोटांत सुखरूप राहिला व पाठ केलेलें कोणाचेंच वाया गेलें नाहीं. सुधारणा कशी करावी याचा हा लहानसा, पण उत्तम धडा आहे.

मधल्या काळांत संगणक आला होता. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीस संगणकावर आरक्षण सुरू झालें. २००२ सालीं घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. हे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. गाडी आज किती उशिरां धांवत आहे, जागा शिल्लक आहे कीं नाहीं, हें छापील पुस्तक कधींच सांगूं शकलें नसतें. म्हणून माझें गाऱ्हाणें यंत्राविरुद्ध नाहीं. तें असें आहे कीं, पुस्तक दाखवीत असे, आणि हा पडदा केवळ विचारलेल्याचें उत्तर देतो. प्रश्न नेमका नसेल तर उत्तर नाहीं. त्यांतही प्रश्न विचारण्याची जागा वारंवार हलली, तर सांठविलेलें शहाणपण दर वेळीं मातीमोल होतें. आणि ज्याला घाई आहे किंवा ज्याचें वय झालें आहे, त्यालाच हें नुकसान प्रथम सोसावें लागतें.

यूरोपांतील गाड्यांचें जें पुस्तक थॉमस कुक कंपनीनें १८७३ सालीं सुरू केलें, तें तिनें २०१३ सालीं बंद केलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं त्याच्या संपादकवर्गांतील मंडळींनीं तें स्वतंत्रपणें पुन्हां काढलें, आणि त्याला ग्राहक मिळाले. सारा मार्ग एका दृष्टिक्षेपांत पाहण्याची गरज पडद्यामुळें संपलेली नाहीं, असाच याचा अर्थ नव्हे काय?

तेव्हां संकेतस्थळें सजविणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : नवें दार उघडा, पण जुनें कांहीं महिने बंद करूं नका. प्रत्येक मार्गाचें संपूर्ण वेळापत्रक एका पानावर, छापून घेतां येईल असें, पहिल्याच पृष्ठावरून सांपडूं द्या. आणि नवें रूप लोकांपुढें आणण्यापूर्वीं तें एखाद्या सत्तर वर्षांच्या गृहस्थापुढें ठेवा, त्याला एका लहान स्टेशनाचें नांव द्या, आणि गाडी शोधावयास त्याला किती वेळ लागतो तें शेजारीं बसून पाहा.

आमच्या शेजाऱ्यांनीं आतां एका वहींत आपल्या गांवच्या वाटेवरील जंक्शनें व गाड्या स्वतःच्या हातानें रकाने आंखून उतरून काढल्या आहेत. ती वही दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते.